ओल्या गिलाव्यातले हात

सोमवार

पोचलो बाई एकदाचे! विमानात धाकटीने खिडकीची जागा पटकावली आणि विमान सुटताच घोरायला लागली, त्यामुळे ढग मला तिच्या डोक्यावरून मान वाकडी करून बघावे लागले. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी आले आणि मान आखडून उतरले.

आम्ही चर्चचे पाच जण. पाळकसाहेब, ज्यांची जेवणाआधीची प्रार्थना जेवणापेक्षा लांब असते. इंजिनिअर काका, निवृत्त झाले तरी दिसेल त्या भिंतीला ओळंबा लावून बघणारे. नर्सबाई, हिच्या एका खांद्यावर औषधांची पेटी आणि दुसऱ्यावर कॅमेरा. धाकटी, म्हणजे माझी सख्खी बहीण, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. आणि मी, शिवणकाम करणारी, कुणी विचारलं नव्हतं तरी आलेली. मी आले ती आईसाठी. आईने निघताना बजावलंय की जशी नेतेस तशी आण, एक नखही मोडता कामा नये. धाकटी हसत होती, पण आई हसत नव्हती.

ज्या कुटुंबाला घर बांधून द्यायचंय त्यात दोघंच आहेत. एक म्हातारबाबा आणि त्यांची विधवा सून. बाबांचा उजवा हात कोपरापासून नाही, कुठल्यातरी कारखान्यात गेला असेल. सूनबाई शहरात कुणाकडे राहून घरकाम करते, आमच्या स्वागतापुरती रजा काढून आली होती आणि संध्याकाळी परत गेली. आमच्याशी तोडकंमोडकं इंग्रजी बोलणारी ती एकटीच. आता बाबांशी बोलायचं म्हणजे नुसत्या खाणाखुणा.

आमची सोय शाळेच्या एका वर्गात केली आहे. फळ्यावर कुणाचं तरी अर्धं सोडवलेलं गणित आहे. काकांनी झोपण्यापूर्वी ते पूर्ण केलं.

बुधवार

अंग नुसतं ठणकतंय, पण मजा आहे. आधीच्या तुकडीने भिंती आणि छप्पर करून ठेवलंय. आमच्याकडे गिलावा, वायरिंग आणि रंग. दोन खोल्यांचं घर, मोठ्या खोलीला पूर्वेला खिडकी, तिच्यासमोर लांब सलग भिंत. मी थापी धरायला शिकले. काका म्हणतात, बाई, कापडावर हात फिरवता तसा फिरवा. फिरवला, आणि जमलं की!

धाकटीला मी हातमोजे घालायला लावले. सिमेंटने बोटं सोलली तर ऑर्गन कोण वाजवणार? ती म्हणाली, ताई, तू माझी आई आहेस की आईची हेर? मी म्हटलं दोन्ही. पाळकसाहेब शिडीवरून इतके हसले की बादली कलंडली आणि सगळं माझ्या अंगावर.

म्हातारबाबा दिवसभर दगडावर बसून आमच्याकडे बघत असतात. या जागेवर आधीही घर होतं असं दिसतं, जोत्याचे जुने दगड अजून जमिनीत आहेत. काकांच्या मते जमीन जराशी खचते, पण काळजी नको.

शुक्रवार

आजचा दिवस मी जन्मात विसरणार नाही.

आमच्या मंडळाची एक पद्धत आहे. ज्या घराला आम्ही हात लावतो, त्याच्या मोठ्या भिंतीत आमचे हात ठेवून यायचे. गिलावा ओला असताना प्रत्येकाने पंजा उमटवायचा, प्रार्थना करायची आणि दुसऱ्या दिवशी वरून शेवटचा थर द्यायचा. ठसा दिसत नाही, पण आत असतो. घराला आमचा आधार, असं पाळकसाहेब म्हणतात.

दाराकडून पहिला पंजा काकांचा, मग पाळकसाहेबांचा. नर्सबाई फोटो काढत होती, म्हणाली माझा शेवटी घ्या, आणि शेवटी राहूनच गेला. मग धाकटीने मोजा काढून डावा पंजा ठेवला आणि मला ओढलं. मी तिच्या शेजारी उजवा दाबला. गार, गिळगिळीत, ईऽऽ.

तेवढ्यात म्हातारबाबा उठून आले. त्यांनी आपला थोटा हात वर केला, हलवला, भिंतीकडे दाखवला, पुन्हा हलवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बिचाऱ्याला वाटत असणार की आपल्या घराच्या भिंतीत आपला हात नाही. ते धाकटीचा दंड धरून तिला ओढायलाच लागले. तेव्हा तिने काय केलं माहीत आहे? त्यांच्या गालाला हात लावला, हा तुमच्या वतीने असं म्हणाली आणि आपला उजवा पंजाही भिंतीत दाबला, माझ्या पंजाच्या पलीकडे. म्हणजे तिचे दोन आणि मध्ये माझा. ताईला मध्ये घेतलं, म्हणाली.

बाबा मटकन खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. आम्हीही रडलो. इतकी गोड माझी बहीण.

रविवार

काल शेवटचा थर दिला. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली, काकांची मान ताठ झाली. आज सुट्टी, उपासना झाली, धाकटीने ऑर्गन नाही म्हणून शाळेच्या बाकावर बोटं वाजवून गाणं धरलं.

एक गंमत. माझा उजवा हात काल दुपारपासून गार पडलाय. धाकटीचे तर दोन्ही. पाळकसाहेब चहाचा कप सोडायला तयार नाहीत. नर्सबाई म्हणते सिमेंटचा परिणाम, तेल लावा. लावलं, काही फरक नाही.

बाबा जेवायला आले नाहीत. भिंतीला कान लावून बसलेत.

सोमवार

अक्षर वाकडं येतंय.

काकांनी आज वायरिंगसाठी भिंतीत खाच पाडायला घेतली. दाराजवळ, म्हणजे त्यांच्याच ठशाच्या जागी. बाबा धावत आले, छिन्नी हिसकावू लागले. काकांनी हसून त्यांना बाजूला केलं आणि हातोडा मारला.

छिन्नी भिंतीत गेली. काकांचा हात फाटला. छिन्नी त्याला लागलीच नव्हती, मी दोन फुटांवर उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं! मधल्या दोन बोटांमधून कातडी उसवत मनगटापर्यंत गेली, एखादी शिवण ओढून काढावी तशी. आतलं हाड पांढरं दिसलं. काका किंचाळले नाहीत, हाताकडे बघतच राहिले. मग किंचाळले.

खाचेतून वर एक तडा निघाला होता. तो सरकत होता आणि काकांच्या हातावरची चीरही सरकत होती, मनगटावरून वर. नर्सबाईने दंडाला पट्टा आवळला, तरी थांबेना. कोपराच्या दिशेने मांस आपोआप उघडत चाललेलं. ती ओरडली की हात गेलाच आहे, निदान माणूस वाचू दे, करवत आणा. पाळकसाहेबांनी काकांना धरलं. मी पाय धरले. करवतीचा आवाज माझ्या कानातून जात नाही.

कोपराखाली हात तुटला तेव्हा चीर थांबली. जीपवाला काका आणि नर्सबाईला घेऊन शहरातल्या इस्पितळात गेला. तीन तासांचा रस्ता. काका जिवंत आहेत, देवाची दया.

धाकटी भिंत पुसत बसली होती. म्हणाली, ताई, तडा पुढे आला. मी तिला ओरडले की भिंतीकडे बघू नकोस.

मंगळवार

नर्सबाई सकाळी जीपने परत आली. काका बोलू लागलेत असं म्हणाली. आम्ही हात जोडले. पाळकसाहेब म्हणाले, आपण आभार मानून काम थांबवू आणि उद्या निघू. प्रार्थना सुरू केली. आज पहिल्यांदाच ती लांबावी असं मला वाटत होतं.

मध्येच त्यांचा आवाज बंद झाला. जोडलेल्या हातांमधून रक्त ठिबकत होतं. त्यांनी हात उघडले. उजवा तळवा आरपार चिरलेला.

मी भिंतीकडे धावले. तडा त्यांच्या ठशाच्या जागी पोचला होता. बरोबर मधोमध.

मग पुन्हा तेच. पट्टा. करवत. या वेळी ते शुद्धीवर होते. देवाचं नाव घेत होते, मग शिव्या देऊ लागले. पाळकसाहेब, शिव्या! मी त्यांच्या तोंडात टॉवेल कोंबला. हात पडला आणि चीर थांबली.

भिंतीतला तडा नाही थांबला.

नर्सबाई त्यांना घेऊन गेली. जीपमध्ये आडवं टाकल्यावर जागाच उरली नाही. आम्ही दोघी राहिलो. जीप उद्या येईल.

पुढचा ठसा धाकटीचा आहे. डावा. तिलाही कळलंय. बोटं मुठीत घेऊन बसली आहे.

भिंतीला टेकू लावले, दोन वासे. पाचरी ठोकल्या. हळू ठोकल्या. बाबांनी एका हाताने वासा धरला. तडा केसभर सरकला. पुन्हा केसभर.

बुधवार, सकाळ

मी कापला.

लिहिलं. आता ते खरं झालं.

उजाडल्यावर सुरू झालं. करंगळीपासून. ती म्हणाली, ताई, तूच कर, दुसऱ्या कुणाचा हात नको मला. बाबांनीच कुऱ्हाड आणून दिली, पण मान नाही-नाही अशी हलवत होते आणि माझ्याकडे बघून रडत होते. मला वाटलं म्हातारा घाबरलाय. मी डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर चुकला असता घाव. पहिला चुकलाच. तीन घाव लागले. माझी धाकटी. आईने न्हाऊ घातलेला हात तो.

पट्टा आवळला. गरम उलथन्याने डाग दिला. ती बेशुद्ध पडली, बरं झालं.

जीप आली. त्यात सूनबाई! नर्सबाईने तिला शहरात शोधून काढलं आणि पाठवलं. आत आली, भिंत बघितली आणि जमिनीवर कोसळली. मग बाबा बोलत गेले आणि ती सांगत गेली.

पहिलं घर बाबांनीच बांधलं होतं. आनंदात सगळ्या घराने ओल्या भिंतीत हात ठेवले. बाबा, बाबांची बायको, मुलगा. जमीन खचली, भिंत तडकली. बाबांचा हात भावाने तोडला, बाबा वाचले. तडा पुढे गेला. बायकोचा तोडला. पुढे गेला. शेवटी मुलगा. त्याने कुणाला तोडू दिला नाही.

ज्याचा तोडला नाही, त्याच्याजवळ तडा थांबतो. त्याला पुरता घेतो आणि मग थांबतो. बाबा शुक्रवारी हेच सांगत होते. थोटा हात दाखवून हेच. आम्ही रडलो त्यांच्याबरोबर. मूर्ख.

आम्ही ज्याला ज्याला वाचवलं, तिथून तडा पुढच्याकडे गेला.

पुढचा माझा. माझ्यापुढे धाकटीचा उजवा.

बुधवार, नंतर

जीप गेली. धाकटी आणि सूनबाई. मी धाकटीला म्हटलं जागा नाही, पुढच्या खेपेला येते. जागा होती. शुद्धीवर आली होती, तिने माझा पदर उजव्या हाताने धरला. सोडवावा लागला. एकेक बोट.

इस्पितळात गेले असते तर त्यांनी हात तोडून मला वाचवलं असतं. नर्सबाई सोडते की काय.

कुऱ्हाड विहिरीत टाकली. करवतही. बाबा माझ्यापाशी बसलेत. उठून जा म्हटलं, जात नाहीत.

भीती वाटते. खूप. खोटं कशाला बोलू.

तडा माझ्या अंगठ्यापाशी —

डाव्या हाताने लिहिता येतंय अजून. कागद ओला झालाय, अक्षर फुटतंय. टाका घातल्यासारखं दुखतं, उलटं, उसवताना —

मनगट. पेन सोडून डावा हात आपोआप पट्ट्याकडे जातो. पट्टा बाबांकडे फेकला. नको. आवळायचा नाही.

बाबा भिंतीकडे बोट दाखवतायत. थांबलाय. तिच्या ठशाच्या अलीकडे, चार बोटं अलीकडे थांबलाय. थांबलाय!

माझ्या हातात नाही थांबत. कोपर —

आई, जशी नेली तशी नाही आणता आली. पण उजवा आहे. उजव्या हाताने सूर धरता येतो, तिला सांग, रडत बसू नकोस म्हणावं, रविवारी ऑर्गनवर बस आणि