दहा वाजेपर्यंत

१२ ऑक्टोबर, सोमवार

रेडिओवर पुन्हा तीच जाहिरात! "जज लोर्ना हेडक्विस्ट चोरांना घरी पाठवतात." आवाज ब्रँडव्होल्डचा. माझ्याच कोर्टात सरकारी वकील म्हणून उभा राहतो, आणि आता माझीच खुर्ची मागतोय. जजच्या निवडणुकीत अठरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझ्या विरोधात उभं आहे.

चोर म्हणजे वेंडल स्कार. तांब्याची तार पळवल्याचा आरोप. तारखेला येईन, एवढ्या शब्दावर मी त्याला सप्टेंबरात सोडलं. पण हे सांगू कुणाला? चालू खटल्यावर जजने तोंड उघडायचं नाही!

आर्विड म्हणतो, "अगं, तू नुसती हसत राहा." नवऱ्याचं काय जातं सांगायला!

१९ ऑक्टोबर

चर्चच्या जेवणात शंभरेक हात हातात घेतले. बटाटा-खिम्याची हॉटडिश वाढता वाढता एका म्हातारीने विचारलं, "तो स्कार पळाला तर गं?" त्याची तारीख २ नोव्हेंबर — मतदानाच्या आदल्या दिवशी. मीच दिली, कॅलेंडर न बघता. गाढव मी!

२६ ऑक्टोबर

कोर्टाचं छप्पर अजून गळतंय. ऑगस्टपासून आम्ही जुन्या वाचनालयात. साक्षीदार परीकथांच्या कपाटाशेजारी उभे राहतात. एरवी हसू आलं असतं.

१ नोव्हेंबर

तो येऊ दे. बाकी काही नको.

२ नोव्हेंबर, सोमवार

नऊला माझ्या बेलिफने, ऑर्व्हिलने, दारात जाऊन तीनदा पुकारा केला. स्कार नाही. ब्रँडव्होल्ड घड्याळ बघतोय. पहिल्या बाकावर वार्ताहर, वही उघडून.

माझी रीत सगळ्या कौंटीला ठाऊक आहे — दहापर्यंत थांबायचं. लांबच्या शेतांवरून लोक येतात, गाड्या बंद पडतात. ऑर्व्हिल वाकून हळूच म्हणाला, "बाई, थांबू या ना?"

नऊ दहाला अटकेच्या वॉरंटवर सही केली. भीती वाटली, म्हणून केली. इथे तरी खरं लिहिते. मग कुणाकडे न बघता शेजारच्या गावी भाषणाला निघून गेले.

३ नोव्हेंबर

मतदान. ऑर्व्हिलचा दोनदा फोन. घेतला नाही — आज कोर्टाचं काही नको!

४ नोव्हेंबर

जिंकले! दोनशे बारा मतांनी! पेपरात मथळा — 'जजबाईंनी वाट पाहिली नाही'. आर्विडने केक आणला. सगळे आले, ऑर्व्हिल तेवढा नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

स्कारला बेड्या घालून आणलं. तीन रात्री कोठडीत काढल्या त्याने. स्कारला सप्टेंबरात दिलेली तारखेची नोटीस ऑर्व्हिलने माझ्यासमोर ठेवली. छापील पत्ता त्या गळक्या कोर्टाचा, वाचनालयाचा नाही. खाली सही माझी.

"आठपासून तिकडे पायऱ्यांवर बसून होता, बाई. कुणीतरी सांगितलं, तसा धावत आला. आपल्या दारातच धरला त्याला."

किती वाजता, मी विचारलं.

"नऊ चाळीसला."