आत्याची गाठ आणि काकाचा चष्मा

४ जून

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेत रुजू झाले. तू शिवलेला पांढरा कोट इथे सगळ्यांत नीट बसतो. बाकीच्यांचे विकतचे, खांद्यावरून ओघळतात.

काम काय, असं विचारलं होतंस. शरीरात प्रथिनं आधी लांब धाग्यासारखी तयार होतात. त्यांना नेमक्या घड्या पडल्या, तरच ती कामाची. ते काम एक एन्झाइम बघतं. तुझ्या शिवणाच्या दुकानात ब्लाउजांना हूक लावणारी हूकवाली कशी चुकीच्या जागी लागलेला हूक काढून बरोबर जागी लावते, अगदी तसं. कॅन्सरच्या पेशी म्हणजे हावरटासारख्या ऑर्डरी घेणारं दुकान. त्यांना अशा हूकवाल्या जास्त लागतात. त्यांना अडवलं तर ते दुकान बंद पडेल का, हे आम्ही शोधतोय. जगाच्या उपयोगी पडावं, एवढीच इच्छा.

तुझी,
चिमणी

१५ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. कॅन्सर आपल्यामुळे होतो असं वाटून हूकवाली रुसून बसली आहे.

बरं, माझ्या काखेत लिंबाएवढी गाठ आलीये. डॉक्टर म्हणतात, काढून तपासू, कॅन्सर आहे का ते कळेल. मी साफ नाही म्हटलं. घरात माणूस असताना बाहेर जायचं नाही, ही आपली रीत. तुझ्या काकाने चष्म्याचं दुकान काढलं तेव्हा आपण सगळ्यांनी चष्मे लावले की नाही? मग तू औषध करत असताना मी परक्याच्या हाती कात्री कशी देऊ? एक बाटली पाठव. गोड असेल तर बरं.

वेळेवर जेवत जा.

तुझी आत्या

२२ जून

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून हातातली काचेची नळी फुटली. बाटली नाही गं, औषधच नाही! मी बशीत पेशी वाढवते आणि बहुतेक दिवस त्या माझं ऐकत नाहीत. ते एन्झाइम निरोगी पेशींनाही लागतं, त्यामुळे ते अडवायचं तरी कसं, हेच अजून कळत नाही. औषध निघेपर्यंत माझे केस पिकतील. कदाचित निघणारही नाही.

घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही माझं सगळं खरं मानता. आज पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. घरच्याचंच ऐकायचं ना? मग घरचीच सांगते आहे: बाहेर जा. उद्याच जा. मला आत्या हवी आहे, रीत नको.

लोभ आहेच. तो घेऊन दवाखान्याची पायरी चढ.

तुझी,
चिमणी

९ जुलै

चि. चिमणीस आशीर्वाद.

गेले बाई एकदाची. गाठ काढली. टाके आरशात पाहिले. सर्जनचा हात बरा आहे, पण घाईत शिवतो. तपासणीत नुसती चरबी निघाली. मी म्हटलं, भाचीकडे पाठवा, ती यावरच काम करते. तर म्हणाले, साधी आहे, तिच्या काही उपयोगाची नाही. राग मानू नकोस, पोरी. तुझ्या कामी यावी असं फार मनात होतं.

चांगल्या पेशींनाही तू लागतेस, असं हूकवालीला वाचून दाखवलं. आता ती मलाच हुकूम सोडते.

रीत मोडलीच होती, म्हणून येताना डोळ्यांच्या डॉक्टरकडेही डोकावले. मला चष्मा लागतच नाही म्हणे! हे पत्र चष्म्याशिवाय लिहिलंय. अक्षर बघ कसं सरळ आलंय. पण काकाला कळवू नकोस हं. तो घरी आला की मी लावतेच.

तुझ्यावर टाक्यांसकट माया करणारी,
आत्या