कॅमेरा कुठे ठेवावा

महाड
१० मे २००४

प्रिय अवधूत,

तुझ्या मालिकेचा कालचा भाग पाहिला. रविवारी दुपारी तीनची वेळ तुला ज्याने दिली त्याच्या अकलेची मला कीव येते, कारण त्या वेळी अख्खं महाड जेवून आडवं झालेलं असतं. पण आई आणि मी टीव्हीसमोर असतोच. शेजारच्या वल्लरीवहिनी म्हणतात, यात हसायचं कुठे ते कळत नाही, मागून कुणी हसूनही दाखवत नाही. मी त्यांना म्हटलं, तेच तर मोठेपण आहे. गेल्या महिन्यातला तो लिफ्टचा भाग! लिफ्ट नव्हतीच. कपाटापुढे दोन माणसं उभी, आणि मजला बदलला की दोघं गुडघ्यात वाकत खाली जातात. आणि त्यातला एक तळमजल्याला पोचल्यावर गुडघे धरून म्हणतो की जिन्याने आलो असतो तर बरं झालं असतं. कोट्यवधी ओतून सिनेमे काढणाऱ्यांना असलं एक दृश्य सुचणार नाही. पैसे नसले की तुझं डोकं जास्त चालतं, हे मी तुझ्या मालिकेच्याही आधीपासून सांगत आलेय.

आपल्याकडे तरी काय होतं? तू लग्नांचं शूटिंग करायचास आणि वरात संपल्यावर कॅसेटमध्ये उरलेल्या आठ-दहा मिनिटांत आपली फिल्म व्हायची. ट्रॉली म्हणजे भाजीवाल्याची हातगाडी, आणि लाइट म्हणजे मी, उन्हात परात धरून उभी. तुझे वडील, हैबतीबाबा, आपले हीरो. एका फिल्ममध्ये गावात पहिला फोन येतो आणि बाबा नवीन धोतर नेसून, केस विंचरून बोलायला बसतात, समोरचा बघत असेल म्हणून! पडायच्या एका सीनला त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "गो पोरी, मी ह्यात मरायचा हाय का नुसता पडायचा हाय? येवडा सांग, मंग मी मोकला." आणि एकदा तू कॅसेटच्या शेवटची आपली फिल्म कापायला विसरलास आणि पोलादपूरच्या एका घरी लग्नाच्या कॅसेटबरोबर तीही गेली. आपण शिव्या खायच्या तयारीने बसलो, तर नवरदेव विचारत आला, म्हाताऱ्याची पुढची कधी येणार म्हणून. त्या आठवड्याइतकी खूश मी पुन्हा कधी झाले नाही.

आता कालच्या भागाबद्दल. एक बाई पिशवी घेऊन एसटी स्टँडवर कुणाची तरी वाट बघत बसलीय. कुणी विचारतं, पोलादपूर गाडी गेली का? ती सांगते. दुसरा विचारतो. बसून बसून तिला सगळ्या गाड्या पाठ झाल्यात. बघता बघता तिच्यापुढे रांग लागते, आणि चौकशीच्या खिडकीतला माणूससुद्धा बाहेर येऊन तिलाच विचारतो. मी ओळखलं आणि मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. फेब्रुवारी नव्याण्णवचा तो दिवस मीच तुला पत्रातून कळवला होता. अकराच्या गाडीने आपण दोघं मुंबईला जाऊन लग्न करणार होतो. मी घरी माणगावला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून दोन साड्या आणि डबा घेऊन स्टँडवर आले. तू आला नाहीस. चार दिवसांनी मुंबईहून तुझं पत्र आलं: गावी कुडपणला आमची म्हैस दरीत कोसळली, सगळा गाव दोर घेऊन खाली उतरला, निघताच आलं नाही, थोडं थांब. तुला अपराधी वाटू नये म्हणून मी उलट ती चौकशीची गंमत लिहून पाठवली आणि म्हटलं, तासभर बसले आणि गेले घरी. म्हशीची चौकशीही केली. थांबलेसुद्धा. त्या थांबण्यात दोन स्थळं परत पाठवली, माझ्या बाबांशी अबोला झाला, आणि तुला मात्र दर पत्रात लिहीत राहिले की घाई नाही, तुझं काम आधी.

पण मी तासभर नव्हते बसले. चार वाजेपर्यंत बसले होते. भूक लागल्यावर डबा उघडला, भाकरी-भाजी निम्मी झाकणात काढून तुझ्यासाठी ठेवली आणि माझी खाल्ली. मग बराच वेळ झाकणाकडे बघत बसले आणि तुझीही खाल्ली, भराभर, कुणी बघत तर नाही ना असं इकडेतिकडे पाहत. हे मी तुला लिहिलं नव्हतं. आईला सांगितलं नव्हतं. काल तुझ्या बाईने अगदी तसाच घास घेतला, मान तशीच वळवली. आणि अवधूत, सगळं दृश्य स्टँडवरच्या रसवंतीच्या बाकावरून घेतलंय, उसाच्या चरकाच्या आडून. चरकाचं चाक मध्ये येतं तरी तू कॅमेरा हलवला नाहीस. गोष्ट जिथून पाहिली तिथेच कॅमेरा ठेवायचा, हे तूच मला शिकवलंस. तो बाक माझ्यापासून वीस पावलांवर होता. तू हाक मारली नाहीस. तिथे नुसतं बसू देत नाहीत, ग्लास घ्यावा लागतो. माझा डबा संपेपर्यंत तू किती ग्लास रस प्यायलास रे?

घाबरला असशील, समजू शकते. येत नाही म्हणाला असतास तर रडून मोकळी झाले असते. पाच वर्षं माझी गेली, तुझा एक भाग झाला. हे पत्र त्यासाठी लिहिलं. याला उत्तर नको, यापुढे माझंही येणार नाही. भाग मात्र फार सुंदर झालाय, तू केलेल्यांत सगळ्यात चांगला. आई पोट धरून हसली. शेवटी तिने विचारलं, ती बाई घरी कशी गेली ते का नाही गं दाखवलं? मी म्हटलं, तोवर बघणारा उठून गेला असेल.

कालच्या दुपारपर्यंत तुझीच,
अनुपमा