पहिल्या नंबरचा ड्रम

गारखेडा, औरंगाबाद
३ मार्च २०१३

ती. ताईस,
केशवचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. विश्वजित आणि सूनबाई मे महिन्यात बंगळूरला जाणार आणि तू परभणीत एकटी राहणार, हे मला मान्य नाही. पोराला नोकरी करू दे, तू भावाकडं ये. खुब्याचं हाड जुळलंय, डॉक्टरांनी वॉकर दिलाय, आता अडलंय कुठं? तू लिहितेस की केशव, तुझ्या गल्लीत रिक्षा येत नाही, चौकापासून दगडधोंड्यांतून मी चालू कशी. रास्त आहे. म्हणूनच आधी बातमी ऐक: गल्लीचा रस्ता मंजूर झाला!

काल मारुतीच्या पारावर सभा झाली. नगरसेवक आले होते, महापालिकेचे इंजिनियर आले होते. त्यांच्या मनात सिमेंटचा रस्ता होता. त्यावर वाळूजच्या कारखान्यातला आपला शेजारी बद्रीनाथ उठून म्हणाला की साहेब, सिमेंटला रोज पाणी मारावं लागतं. इथं माणसाला प्यायला नाय, रस्त्याला कुठून पाजता? सगळे हसले, इंजिनियरसुद्धा. मग मी उभा राहिलो. ज्या शहराला मलिक अंबरानं जमिनीखालून पाणी आणून दिलं, त्या शहरात जमिनीवरून टँकर घरापर्यंत येऊ नये, याची लाज कुणाला वाटणार, असा सवाल टाकला. टाळ्या थांबेनात. डांबरी रस्ता ठरला. काम मार्च संपायच्या आत सुरू झालं पाहिजे, नाहीतर पैसा दुसऱ्या प्रभागात जाईल.

एकच अडचण आहे. टँकर आत शिरत नाही, तोंडाशीच उभा राहतो. म्हणून प्रत्येक घराचा ड्रम, नाव रंगवून, रात्रंदिवस गल्लीत रांगेत उभा असतो. काम होईपर्यंत ते ड्रम मागच्या मैदानात हलवायचे, टँकर तिकडून येईल. सभेनं हात वर करून कबूल केलंय, म्हणजे झालंच. पाण्याची काळजी करू नकोस, माझा ड्रम पहिल्या नंबरचा आहे, थेट टँकरच्या नळीखाली.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
केशव

परभणी
९ मार्च २०१३

चि. केशवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं भाषण वाचलं. माझे कान गेले हे एका परीनं बरंच झालं; तुझ्या टाळ्या मला ऐकू येत नाहीत, त्यामुळं रस्ता होईपर्यंत मी भुलणार नाही. लहानपणी गोठ्यातल्या म्हशीपुढं बोलायचास, तीही मान हलवायची, पण दूध वेळेवरच द्यायची.

इथंही पाण्याचे हाल आहेत. सूनबाई भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालते. वॉकरवर व्हरांड्यात दोन फेऱ्या होतात. मला यायचंय रे. इथं तिसऱ्या मजल्यावर बोलायला कुणी नाही, आणि जे बोलतात ते ऐकू येत नाहीत. तू निदान लिहितोस तरी.

जेवत जा वेळेवर.
ताई

गारखेडा
१७ मार्च २०१३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

संताप झालाय. काल रोलर आला आणि परत गेला. एक ड्रम हलला नाही! जो तो म्हणतो, आधी त्यानं हलवावा. दुसऱ्या नंबरच्या चतुराबाई तर ड्रमावर पाट टाकून बसल्या. घरात खाणारी तोंडं लई, नंबर सोडला की गेला, असं त्यांचं म्हणणं. वर मला ऐकवलं की सर, तुमचं भाषण कानाला लई ग्वाड, पण त्याच्यात डाळ शिजत नाय. मी पारावर तीनदा बोललो. नागरिक कशाला म्हणतात ते सांगितलं. लोक ऐकतात, माना डोलावतात आणि आपापल्या ड्रमाशी जाऊन उभे राहतात.

इंजिनियर भला माणूस. पंचवीस तारखेच्या सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला. त्यानंतर रस्ता गेला, आणि तुझं येणंही. या समाजाचं काय करावं, तूच सांग.

तुझा,
केशव

परभणी
२० मार्च २०१३

चि. केशवास,
आशीर्वाद.

आपल्याकडं पंगतीत पहिल्या पाटावरचा उठल्याशिवाय कुणी उठत नसे, आठवतं ना? लोकांची पोटं भरलेली असत, हात वाळून जात, पण सगळे त्याच्याकडं बघत बसून राहत.

तुझ्या गल्लीत पहिल्या पाटावर कोण बसलंय, ते तूच मला लिहिलंस.

बाकी खुशाल.
ताई

गारखेडा
१२ एप्रिल २०१३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं शनिवारी आलेलं पत्र सकाळी पुन्हा वाचलं आणि चपला घातल्या. चोवीस तारखेचा रविवार होता, सगळे घरी होते. माझा ड्रम आडवा केला आणि दगडांवरून ढकलत निघालो. रिकामा ड्रम किती बोंबलतो म्हणून सांगू! माझ्याहून मोठा आवाज. लोक दारांत आले. चतुराबाईंनी विचारलं की सर, कुठं निघाले? मी ढकलतच राहिलो. मैदानात पुढं सगळ्या रांगेची जागा सोडली आणि पार शेवटी तो उभा केला.

बाई पाटावरून उठल्या. मग पाट काखेत मारला आणि सुनेला, मोनिकाला, हाक दिली की धर गं ड्रम, आता पहिला नंबर आपला. त्यांच्यामागं बद्रीनाथ निघाला, मग सगळी गल्ली. सोमवारी रोलर आला तेव्हा वाट मोकळी होती.

त्यानंतर मैदानात टँकर आला आणि नेमकं माझ्या ड्रमापाशी पाणी संपलं. मी रिकामी बादली घेऊन वळलो, तर चतुराबाईंनी मोनिकाकरवी दोन घागरी माझ्या ड्रमात ओतवल्या. म्हणाल्या, सरांचा घसा कोरडा पडला तर बोलतील कसे, आन् बोलले नाय तर गल्लीला करमंल कसं? मग बद्रीनाथनं एक बादली ओतली. मी भाषण न करता नुसते हात जोडले. बाईंना वाटलं, मी आजारी आहे.

रस्ता झाला. आता टँकर दारोदार येतो, ड्रम ज्याच्या त्याच्या ओट्यावर गेले, नंबर कुणालाच नाही. पाऊस अजून दूर आहे, पण काल पाडव्याला गुढ्या एका सरळ ओळीत दिसल्या.

संध्याकाळी चौकातून रिक्षा केली. हातात काठोकाठ भरलेला पेला धरून बसलो आणि दारापर्यंत आलो. रिक्षावाल्याला वाटलं, सरांचं डोकं फिरलंय. ताई, एक थेंब सांडला नाही. तुझा खुबा काही त्याहून नाजूक नाही.

लोभ आहेच, तो घेऊन ये, आणि वॉकर विसरू नकोस.

तुझा,
केशव