ईराच्या नावापुढची फुली

माउंट रॉस्किल, मंगळवार, १२ ऑगस्ट २००८

मुलांच्या वागणुकीची इंग्रजी प्रश्नावली मराठीत केली आहे म्हणे. ती तपासायला आज एक मराठी बाई घरी आली. ‘मूल मोठ्यांच्या अंथरुणात झोपते का?’ मी म्हटलं, “रोज. पाच वर्षांची नात आजीजवळ नाही तर कुठे झोपणार?” तिने ‘समस्या’च्या रकान्यात फुली मारली. फुली!

“आजी, प्रश्न समजला ना, एवढंच सांगा.”

“प्रश्न समजला. तुम्हाला उत्तर समजलं का?”

माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सही फुल्या मारायच्या, पण गुन्हा तरी सांगायच्या. शब्द तेवढे मराठी केले, घर मात्र गोऱ्यांचंच ठेवलं.

आणि सूनबाई ती फुली बघून म्हणते, “आई, आजपासून ईराला तिच्या खोलीत झोपवू या.”

मी ईराची उशी दिली नाही.