भोकं पाडलेला कॅट

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. दोन वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं, बरं वाटलं. अजून तेवढंच बारीक आहे, वाचायला खिडकीशी न्यावं लागलं. तुम्ही लिहिता, घरी यायला तोंड नाही, म्हणून दादांचा पत्त्यांचा कॅट तेवढा पोस्टाने पाठवा, आठवण म्हणून जवळ ठेवीन. तर कॅट मी पाठवू शकत नाही. आणि तुम्ही घरी यावं म्हणून तुमचं मन वळवायचं, असं ठरवूनच लिहायला बसले आहे. आधी कॅटचं काय झालं ते सांगते. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

मी त्याला भोकं पाडली.

झालं असं, की माझ्या लायब्ररीच्या पिशवीचा पट्टा तुटला. तुमचे दादा म्हणायचे ना, हिला एक वेळ जेवायला नसलं तरी चालेल, पण पुस्तक संपलं की घर डोक्यावर घेते. लायब्ररीतल्या बाईंनी तुटका पट्टा पाहिला आणि हस्तकलेचं एक जुनं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. त्यात चौकोनी पुठ्ठ्यांवर नक्षीचे पट्टे विणायची रीत होती. माग लागत नाही. पुठ्ठ्याच्या चार कोपऱ्यांना चार भोकं, प्रत्येक भोकातून एक धागा. असे वीस-पंचवीस पुठ्ठे एकाला एक लावून उभे धरायचे. धाग्यांचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं आपल्या कमरेला. सगळे पुठ्ठे एकदम पाव फेरा फिरवले की धागे वरखाली होतात आणि मधे फट पडते. त्या फटीतून आडवा धागा घालायचा, फूटपट्टीने ठोकून बसवायचा, पुन्हा पाव फेरा. एकदा बांधून घेतलं की उठता येत नाही. तुमचं पत्र घेऊन पोस्टमन आला तेव्हा मी आतूनच ओरडले, बाबा, मला बांधलंय, दाराखालून सरकवा. त्याने सरकवलं, पण जाताना वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून गेला. त्या धावत आल्या.

पहिले पुठ्ठे मी बुटांच्या खोक्याचे कापले. दोन दिवसांत ते मऊ पडले आणि भोकं फाटली. पुस्तकात लिहिलं होतं, जुने खेळायचे पत्ते सगळ्यात चांगले. ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं. कॅट ड्रॉवरमध्ये होता, त्यांच्या चष्म्याशेजारी. ड्रॉवर उघडला की तो दिसायचा आणि आपण काय घ्यायला आलो होतो तेच मी विसरायचे. असं कितीतरी दिवस चाललं. मग एका सकाळी कात्री घेऊन बसले. पहिली इस्पिकची दुर्री घेतली, ती तशीही कुणाला नको असते. एका टोकाची पट्टी कापली की पत्ता चौकोनी होतो. मग तिर्र्या, मग पुढचे. राजे, राण्या, गुलाम आणि एक्के तेवढे तसेच ठेवले, त्यांच्यावर कात्री चालवायला जीव होईना. भोकांसाठी तुमच्या डावातल्या घड्याळवाल्यांकडून घड्याळाच्या पट्ट्यांचा पंच मागून आणला. कशाला हवा ते सांगितलं नाही.

नक्षी आधी चौकटीच्या वहीत काढते. एका पत्त्याला चार चौकटी, चार धाग्यांचे चार रंग. अर्ध्या पत्त्यांत धागा चित्राच्या बाजूने ओवायचा, अर्ध्यांत पाठीच्या. एकाची जरी बाजू चुकली तरी सरळ रेघेला करवतीचे दात येतात. माझ्या पहिल्या पट्ट्याला आहेत. मी सगळ्यांना सांगते, मुद्दाम काढलेत. तुमचे भिडू, आपले मास्तर, पट्टा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "मुद्दाम, पण एकाच बाजूला?" शाळा सोडून बारा वर्षं झाली, तपासणी सुटत नाही.

मास्तर आणि घड्याळवाले अधूनमधून येतात. चहा घेतात, पण पत्त्यांच्या टेबलाशी बसत नाहीत. दोघंही उभ्या उभ्या पितात, जसं काही बस चुकणार आहे. तुमचं नाव एक काढतो, दुसरा खिडकीबाहेर बघतो. त्या शेवटच्या रविवारच्या डावाला मी आत होते, पण ऐकलं सगळं. तुम्ही हातातले पत्ते आपटलेत आणि म्हणालात, "दादा, एक्का कुणाकडे आहे ते तुला न बघता कळतं. हा खेळ नाही, ही फसवणूक आहे." दादा नुसते हसले. तुम्ही छत्री न घेताच गेलात. त्यानंतर दहाव्या दिवशी दादा गेले, आणि तुम्ही दारापर्यंत येऊन परत फिरलात. आता लिहिता, मरायला टेकलेल्या भावावर मी खोटा आळ घेतला. तो मरायला टेकलाय हे त्यालाही माहीत नव्हतं, भाऊजी.

आता लायब्ररीतल्या बाईंना पडदे बांधायला रुंद पट्टा हवा आहे, मधे मोठी नक्षी असलेला. त्याला बावन्नच्या बावन्न पत्ते लागतात. तेव्हा मन घट्ट करून राजे, राण्या, गुलाम आणि एक्केही कापले, ओवले. मागच्या मंगळवारी विणायला बसले, तर गठ्ठा फिरवताना अंगठ्याला काहीतरी खुपायला लागलं. वाटलं, आपणच कापताना कुठे कड दुखावली. ती जागा घासावी म्हणून एकेक पत्ता बाजूला करून पाहिला. मूळच्या लांब कडेवर, कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर, नखाची खूण. नीट दाबून केलेली. पहिला निघाला बदामचा एक्का. मग चौकटचा, किलवरचा, इस्पिकचा. राजांना दोन-दोन. बाकी सगळ्या पत्त्यांच्या कडा गुळगुळीत.

म्हणजे भाऊजी, तुम्ही खरं बोलला होतात. एवढं कळवायलाच हे पत्र. "तुम्ही बसा रे, मी वाटतो," असं म्हणून तीस वर्षं ते पत्ते वाटत होते, आणि आपण त्याला चांगुलपणा समजत होतो. हरणाऱ्याने चहा करायचा हा नियमही त्यांचाच, आणि त्यांनी चहा केल्याचं मला तरी फारसं आठवत नाही. मी इतकी हसले की वरच्या बाई पुन्हा धावत आल्या. मग रडले, ते त्या गेल्यावर. तुम्ही परत आला असता तर त्यांनी कबूल केलं असतं का? मला नाही वाटत. आणखी दहा वर्षं तसेच हसत राहिले असते. माझा नवरा पत्त्यांत लबाडी करायचा, आणि तो मला अजून रोज हवा असतो. मास्तरांना, घड्याळवाल्यांना मी अजून काही बोललेले नाही, तो मान तुमचा. पत्त्यांत आता दोनशे आठ धागे ओवलेले आहेत, ते जागचे हलवता येत नाहीत. तुम्हीच या, आणि त्या खुणांवर स्वतःचा अंगठा फिरवून बघा. मग आपण दोघं बसून त्यांच्यावर मनसोक्त रागवू. इतके दिवस मला त्यांच्यावर रागवायला सोबत कुणी नव्हतं.

रविवारची वाट बघणारी,
तुमचीच
वहिनी