एकोणतीस क्रेडिट

गॅरी, इंडियाना
शनिवार, ११ मे २०२४

प्रिय क्लिफ,

कसा आहेस? तिकडे अलाबामात आत्ताच घामाच्या धारा लागल्या असतील. इथे अजून सकाळी स्वेटर लागतो. तुझी जॅनेल मजेत आहे. आंघोळीला पाऊण तास लावते, आणि मी काही बोलले की म्हणते, "आत्या, अगदी बाबांसारखी ओरडतेस." परवा तिने मक्याचा पाव केला. खालून करपला होता, म्हणून आम्ही वरवरचा खाल्ला.

माझी शाळा चालू आहे. एकोणीस वर्षं तीच कचेरी आणि तोच फोन. उशिरा आलेल्या पोरांना चिठ्ठ्या फाडून द्यायच्या. संध्याकाळी पाय सुजतात.

पत्र बघून दचकला असशील. आई गेल्यापासून आठ वर्षं आपण "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" यापलीकडे गेलो नाही. पण कारखान्याने तुझा एक कान नेला, दुसरा अर्धा ठेवला; आणि मला जे सांगायचंय ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही.

आधी जॅनेलचं सांगते.

इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून तिला पुढे मोठ्या कॉलेजात जायचंय, हे तुला ठाऊकच आहे. तिने शाळेत असतानाच तीन परीक्षा देऊन कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे विषयांचे गुण, मिळवले होते. विचारलेल्या पहिल्या मोठ्या कॉलेजाने त्यातले निम्मेही धरले नाहीत. म्हणे, पुन्हा बसा, पुन्हा फी भरा. पोरगी रडवेली झाली. मग मी जेवणाच्या सुट्टीत फोन करायला लागले. एकाने सांगितलं, "साठ क्रेडिट आमच्याकडेच घ्यावे लागतील." दुसऱ्या ठिकाणची बाई इतकी गोड बोलायची की फी किती ते चौथ्या फोनवर कळलं. सप्टेंबर ते जानेवारी मी हेच केलं. शेवटी शेजारच्या राज्यात एक लहानसं सरकारी कॉलेज सापडलं. नोकरी करणाऱ्या, अर्ध्यावर सोडलेल्या लोकांसाठीच आहे म्हण ना. बाहेरचे नव्वदच्या वर क्रेडिट घेतात, परीक्षा देऊन मिळवलेलेही धरतात. फी आपल्यासारख्यांना झेपेल अशी. जॅनेलचा एकही क्रेडिट वाया गेला नाही. तिचं एक वर्ष वाचलं, क्लिफ.

तिथले सल्लागार मिस्टर ओटिंगर नावाचे म्हातारे गृहस्थ आहेत. सगळं ठरल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमच्या भाचीचं झालं. आता तुमचं बोला."

"माझं काय?"

"एकोणीस वर्षांच्या पोरीसाठी कुणी तीनदा विचारत नाही, की अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे क्रेडिट चालतात का."

मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत केला.

आता पुढचं लिहायला हात उचलत नाहीये. मध्येच उठून भांडी घासून आले.

मी पदवीधर नाही, क्लिफ. कधीच नव्हते.

संख्याशास्त्रात नापास झाले. परत बसले, परत नापास झाले. शिष्यवृत्ती गेली. ते शेवटचं सत्र तुम्हाला वाटलं मी शिकतेय, तेव्हा मी त्याच गावात एका खानावळीत ताटं उचलत होते. "आईचे गुडघे दुखतात, एवढा प्रवास नको," असं पदवीदानाच्या वेळी मीच कळवलं, आणि खोलीतल्या मैत्रिणीचा झगा घालून फोटो काढून पाठवला. आईने तो चर्चमधल्या प्रत्येक बाईला दाखवला. मी घरी आले तेव्हा तू तो बघून नुसता हसला होतास. ते हसू मला आजही नीट बघवत नाही.

बाबा गेले तेव्हा तू अठरा वर्षांचा होतास. नकाशे काढायच्या त्या कॉलेजचं तुझं प्रवेशपत्र आलेलं होतं. ते घडी करून खिशात घातलंस आणि कारखान्यात गेलास. "आपल्यातलं एक तरी शिकेल," म्हणालास. ते एक म्हणजे मी.

म्हणून आईच्या अंत्यविधीला, सगळ्यांसमोर तू जेव्हा म्हणालास, "धुरात मी फुफ्फुसं जाळली ती तू चिठ्ठ्या फाडाव्यास म्हणून? पदवीधर बाई!" तेव्हा मी उत्तर दिलं, "मी सांगितलं होतं का जाळायला?" खरं उत्तर तोंडाशी आलं होतं. ते गिळायला काहीतरी कडू बोलावं लागलं. तुझं काही चुकलं नव्हतं.

जॅनेलला फेब्रुवारीत कळलं. कॉलेजचा कागद टेबलावर राहिला होता. जुन्यांपैकी एक्क्याण्णव धरले, पदवीला एकोणतीस बाकी. ती वाचत उभी राहिली.

"आत्या, यावर तुझं नाव आहे."

"हो."

"बाबांना माहीत आहे?"

"नाही."

तिने कागद परत टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मी सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तुझं तू सांग."

रागावली नाही. तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी न बोलता तिचं संख्याशास्त्राचं पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेली.

तेव्हापासून सहा परीक्षा दिल्या. इतिहास, मानसशास्त्र, असलं सगळं. एक विषय त्यांच्याकडेच घेतला. पन्नाशीला आलेय, पाठांतर टिकत नाही. सकाळी केलेलं दुपारी जातं. दमलेय मी. पण या अभ्यासाने तेवढी नाही, जेवढी अठ्ठावीस वर्षं प्रत्येक अर्जावरची पदवीची ती एक ओळ बघून दमले. खोटी पदवी मी कुठे भरली नाही. म्हणूनच ही खुर्ची सुटली नाही. तुला वाटायचं मला हौस नाही.

संख्याशास्त्र सोमवारी आहे. ते झाल्यावर पत्र पूर्ण करते.

मंगळवार, १४ मे

पास झाले. पासापुरते आणि वर चार गुण. एकोणतीस पुरे झाले. गाडीत बसून थोडी रडले, मग शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पदवीचा कागद हातात आला की ऑगस्टपासून चौथीचा वर्ग देते. शिक्षक मिळत नाहीयेत त्यांना.

माफ कर असं लिहून बघितलं, खोडलं. तेवढ्याने भागणारं नाही. तुला राग आला तर ये. दारात उभं राहून बोल हवं ते. या वेळी मी उलट बोलणार नाही.

आणखी एक. मिस्टर ओटिंगरना मी काल विचारलं, कारखान्यात चार वर्षं वीजकामाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला काही मिळतं का. त्यांनी तपासून सांगितलं. तेहतीस क्रेडिट, क्लिफ. कुठल्याही परीक्षेशिवाय. ते तीस वर्षं तुझ्या खिशात पडून आहेत. तू हसशील, सत्तावन्नाव्या वर्षी कसलं कॉलेज म्हणशील. हस. पण अर्ज सोबत पाठवतेय. तुझं नाव, जन्मतारीख, कारखाना, सगळं मी भरलंय. खाली सही तेवढी तुझीच लागते.

तुझी,
अजून पदवी न मिळालेली बहीण,
रोशेल